राब, गोळी आणि तणनाशक: ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीची पार्श्वभूमी

मुरबाड-शहापूरच्या भातशेतीत नवं तंत्र आलं की पहिलं बोट राबावर ठेवलं जातं. राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजणं: ऐनाच्या फांद्या, शेण आणि पालापाचोळा यांचे थर लावायचे, वर माती टाकायची आणि पावसाच्या आधी पेटवून द्यायचं. धूर होतो, झाडं बोडकी होतात, हे खरंच. पण तणाचं बी जळतं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतो, म्हणून ती पद्धत टिकली. 1878च्या वन कायद्यानंतर फांदी तोडण्याच्या हक्कावरून ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की 1885मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनी भातखाचरांच्या जोडीला ठेवल्या जात, त्याही मुख्यतः राबाच्या सामानासाठीच.

राब न भाजता रोपं चांगली येतील, अशी पद्धत चारसूत्री भातशेतीने दिली. रोपवाटिकेत तुसाची काळी राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, 15-25 सेंटिमीटरवर दोरीने आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आणि चौथं सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची गोळी, म्हणजे ब्रिकेट. कोकणच्या पावसात फेकून दिलेल्या युरियाचा बराचसा भाग बांधावरून ओहोळात तरी जातो, नाहीतर हवेत तरी उडतो. 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचली की नत्र मुळाशी राहतं. एका हंगामाला एकदाच खत, हेक्टरी सुमारे 170 किलो.

कागदावर याहून सुंदर गणित नाही. पण गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या होतात, आणि एकेक गोळी वाकून, बोटाने चिखलात दाबायची असते. घरची तरणी माणसं भिवंडीच्या गोदामांत नाहीतर एमआयडीसीत जात असताना हे करणार कोण? शिवाय गोळी वेळेवर मिळायला हवी. चारसूत्री मागे पडण्याचं खापर शेतकऱ्याच्या आळसावर फोडणाऱ्यांनी एकदा आवणीला उभं राहून बघावं.

मजुरीच्या याच अडचणीवर शून्य मशागतीची पद्धत उभी राहिली. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, नेरळच्या बाजूला ती आकाराला आली आणि 2010नंतरच्या दशकात एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) या नावाने इकडे पसरली. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं परततात, माती वाहून जात नाही, आणि शेत सतत तुंबलेलं नसल्यामुळे मिथेनही कमी सुटतो.

प्रश्न तणाचा. नांगर नाही, चिखल नाही, मग जुने धसकट आणि तण मारायचं कशाने? ग्लायफोसेट या तणनाशकाने. राब भाजणाऱ्याला पर्यावरणाचं व्याख्यान देणारे इथे एकदम गप्प होतात. 2015मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते ‘बहुधा कर्ककारक’ ठरवलं. कित्येक देशांच्या नियामकांना ते पटलं नाही. आपल्याकडे त्याची नोंदणी मुख्यतः चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांसाठी. मग पेरणीआधीचं भाताचं खाचर पीक नसलेली जागा धरायचं की नाही? पद्धतीचे समर्थक म्हणतात, उभ्या पिकावर फवारतोय कुठे? विरोधक म्हणतात, त्याच मातीत पंधरा दिवसांनी भात उगवणार. दोघांचंही म्हणणं शब्दशः बरोबर आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

ऑक्टोबर 2022मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांनीच वापरावं. हा निर्णय बंदी होता की बंदीचा देखावा, यावर मतं टोकाची आहेत. पेस्ट कंट्रोलवाले ठाण्या-कल्याणच्या सोसायट्यांत झुरळं-वाळवी मारतात. मुरबाडकडच्या टोकावड्याच्या माळावर अर्ध्या एकरासाठी ते येणार का? विषाची काळजी असेल तर सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण गावात द्यायला हवं होतं. आदेशाने ते झालं नाही, उलट नियम पाळू पाहणाराच अडचणीत आला.

सध्या काही जण ब्रश कटरने तण कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरतात. त्याला पेट्रोल लागतं, पुन्हा फुटवा आला की पुन्हा कापावं लागतं. ड्रोन आलेत, पण त्यांनी फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारं औषध कमी होतं. टाकीत काय भरायचं, हा प्रश्न ड्रोन सोडवत नाही. आणि वरच्या पाड्यांवर, जिथे गादीवाफ्यांपुरती सपाट जमीनच नाही, तिथे मे महिन्यात राब अजून भाजले जातात.