ओरखडा घरी पोचतो तेव्हा : खान्देशातल्या पालकांची बदललेली रीत

पेन्सिलीवरून ओढाताण होते, एकाच्या गालावर नख लागतं. जळगाव, धुळे, भुसावळ किंवा शहाद्याच्या एखाद्या शाळेत दुपारी ही गोष्ट घडली, तर मुलानं घरी येऊन दप्तर ठेवलं न ठेवलं तोच त्या ओरखड्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. चार दशकांपूर्वी याच भागातलं पोरगं असा ओरखडा घरच्यांपासून लपवायचं. दिसला असता तर ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणत घरी आणखी दोन बसल्या असत्या.

पालक हळवे झाले, सहनशक्ती राहिली नाही, असं यावर सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. घर आणि शाळा यांच्यातली ओळख गेल्या तीस-चाळीस वर्षांत विरळ होत गेली आणि नेमक्या त्याच काळात कायदा मुलाच्या बाजूनं उभा राहिला. आजचे पालक या दोन्हींच्या मध्ये सापडले आहेत.

जुना व्यवहार आधी पाहू. पंतोजींच्या काळापासून मार हा शिकवण्याचाच भाग मानला जाई, आणि 1860 च्या भारतीय दंड संहितेनंही त्याला आडोसा दिला होता. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीनं आणि सद्‌भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं कलम 89 सांगत असे. शिक्षकाच्या छडीच्या बचावासाठी न्यायालयांत त्याचा आधार घेतला गेला. हे कलम खेड्यातल्या बापाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पोराला शाळेत घालताना ‘हाडं आमची, कातडं तुमचं’ म्हणून तो हीच संमती तोंडी देऊन येत असे.

ती संमती माणसाकडे पाहून दिलेली होती. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्या काळात बरेच गुरुजी शाळेच्या गावातच खोली घेऊन राहत. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरगं का येत नाही हे विचारायला ते शेतावर जात, संध्याकाळी पारावर भेटत. शाळेत कुणाचं डोकं फुटलं तर हळद कुणी लावली, ढकललं कुणी, हे बापाला गुरुजींकडूनच कळे. घरी आई ‘तुले कोनी मारं?’ म्हणून विचारी, दोन पोरांची नावं निघत, आणि ती दोघं दुसऱ्या दिवशी पुन्हा विटी-दांडू खेळत.

या चित्रावर लगेच भाळू नये. सगळ्याच घरांना त्या पारावर सारखी जागा नव्हती. बाप ज्याच्या शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, त्याच्याच पोरानं मारलं असेल तर तक्रार कुठे न्यायची? वर्षाची सालदारी पणाला लावून कोणी ओरखड्याचा विषय काढत नसे. दलित वस्तीतल्या किंवा भिल्ल, पावरा घरांतल्या मुलाला वर्गात मागे बसवलं, नावं ठेवली, तरी घरी गप्प बसण्याचीच शिकवण मिळे. ‘पूर्वी पालक तक्रार करत नसत’ हे खरं आहे, पण त्या गप्प बसण्यात विश्वास किती होता आणि लाचारी किती, हे घराघराप्रमाणे वेगळं होतं.

छडीशिवायही चालतं हे दाखवणारं उदाहरण खान्देशातच होतं. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचं अंथरूण-पांघरूण आवरून ठेवत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. त्यांचं नाव घेत नाही असं इथे घर नाही, पण छडी पुढची कित्येक दशकं टेबलावर तशीच राहिली. आदर्श म्हणून पुजणं आणि वर्गात आणणं यांत एवढं अंतर पडलं.

छडी खाली ठेवायला लावली ती कायद्यानं, आणि तीही टप्प्याटप्प्यानं. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शारीरिक शिक्षेला शिक्षणातून हद्दपार करण्याची भाषा केली. 1992 मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांना छडीची मुभा देणारे नियम रद्द केले. मग 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते.

इथे एक घोटाळा रोज होतो. कलम 17 मोठ्यांनी मुलांशी कसं वागावं यासाठी आहे. दोन मुलांच्या ढकलाढकलीचा निवाडा त्यात नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य गुन्हा नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाची समज पाहावी लागते, हे तर 1860 पासूनच ठरलेलं आहे. तरीही पहिलीतल्या पोरानं चावा घेतला म्हणून ‘पोलिसात देतो’ ही भाषा फाटकाशी ऐकू येते.

ती का येते, याचं उत्तर ओळखीत सापडतं. शिक्षकानं शाळेच्या गावातच, म्हणजे मुख्यालयी, राहण्याची अट कागदावर राहिली आणि गुरुजी अप-डाउन करू लागले. भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांना सकाळी अशा शिक्षकांची गर्दी दिसते. शाळा सुटली की गावात विचारायला कोणी उरत नाही. 2012 च्या कायद्यानं स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांना वाट करून दिली, तालुक्याच्या गावाबाहेर इंग्रजी माध्यमाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं पिवळ्या गाडीत बसून तिकडे जाऊ लागली. स्कूलबससाठी राज्यानं 2011 मध्ये नियम केले, त्यात गाडीत मदतनीस असावा हेही आलं. खिडकीच्या जागेवरून होणारं भांडण ना शाळेत असतं ना घरात. सरकारी शाळेत खिचडीची रांग ही अशीच नवी जागा. 1995 ला योजना सुरू झाली तेव्हा तांदूळ घरी न्यायचे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, तेव्हापासून ताटं, गरम पातेलं आणि धक्काबुक्की एकत्र आली.

भाषेचाही भाग आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. घरी अहिराणी बोलणारा बाप इंग्रजी माध्यमाच्या मॅडमसमोर उभा राहिला की अडखळतो. नीट सांगता येत नाही म्हणून एक तर तो मुकाट्यानं परत फिरतो, नाहीतर आवाज चढवतो, किंवा ‘बोलणारा’ म्हणून गावातल्या कार्यकर्त्याला सोबत आणतो. मग पेन्सिलीचं प्रकरण राजकारणात जातं. मॅडमनं ‘बसा, काय जायं?’ (बसा, काय झालं?) एवढं अहिराणीत विचारलं तरी निम्मा राग तिथेच उतरतो.

ग्रुपवर फोटो टाकणारी आई अशाच तुटलेल्या ओळखीतून येते. समोरच्या मुलाची आई कोण, हे तिला माहीत नसतं. वर्गशिक्षिकेला फोन करावा तर तास चालू. तिच्या मनात बदलापूरही असतं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आल्यानंतर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही बसवायला सांगितलं, आणि आता ओरखड्यासाठीही पहिली मागणी फुटेजची होते. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. अडचण अशी की गंभीर गोष्टीसाठी उघडलेलं दार किरकोळ गोष्टीलाही तेच एक उरलं आहे. मधलं दार कायद्यानं दिलेलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सांगतं, आणि पालकांना नियमित भेटणं हे शिक्षकाचं कर्तव्य असल्याचं कलम 24 मध्ये आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना समितीचं कलम लागू नाही; तिथे शुल्क नियमनाच्या कायद्यानं पालक-शिक्षक संघ आणला, पण त्याच्या बैठका फीभोवतीच फिरतात.

नंदुरबारचं चित्र वेगळं आहे. अक्कलकुवा, धडगावच्या आश्रमशाळांत मूल राहायला असतं. दिवाळीनंतर अनेक आईबाप ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत फडावर राहतात. या महिन्यांत मुलाचा हात मुरगळला तर अधीक्षकांचा फोन लागेलच असं नाही. निरोप पाड्यावरच्या आजीला मिळतो, ती मिळेल त्या गाडीनं येते, मुलाला जवळ घेते, कुणाशी भांडत नाही आणि कागदावर अंगठा देऊन परत जाते. समितीतले पालक सदस्यही त्याच फडावर असतात. या घरांना गरज आहे ती फडावर निरोप नक्की पोचवणाऱ्या माणसाची, आणि मुलाशी दोन मिनिटं बोलता येईल अशा फोनची. ते काम अजून कोणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.