अंतर्गत ड्राइव्ह पूर्ण पुसणे

संगणकात बसवलेल्या हार्ड डिस्कवरील किंवा एसएसडीवरील (चकतीऐवजी मेमरी चिपांवर मजकूर साठवणारा ड्राइव्ह) सगळी माहिती परत काढता येणार नाही अशा रीतीने नाहीशी करण्याची प्रक्रिया. संगणक विकताना, भाड्याने घेतलेला परत करताना किंवा भंगारात काढताना ती करावी लागते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आयटी कंपन्या आणि डेटा सेंटरांची दाटी आहे. तिथल्या मोठ्या कंपन्यांसाठी हे नेहमीचे, ठरावीक पद्धतीने करायचे काम असते. नौपाड्यातल्या सीएच्या किंवा वाशीतल्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात मात्र बहुधा ‘फॉरमॅट मारून द्या’ एवढ्यावर भागवले जाते, आणि गोची तिथेच होते.

फाइल डिलीट केली की यादीतली तिची नोंद जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. मजकूर जागच्या जागी राहतो. क्विक फॉरमॅट फक्त यादी कोरी करतो. त्यानंतर विंडोज नव्याने टाकले तरी ते डिस्कचा एक तुकडाच व्यापते. उरलेल्या भागातून अशिलांचे फॉर्म १६, आधारचे स्कॅन, थकबाकीदार सभासदांची यादी हे सारे फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही निघू शकते. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी: विंडोज व्हिस्टापासून तो प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक छोट्या कप्प्यावर, शून्ये लिहितो. एक्सपीमधला पूर्ण फॉरमॅट मात्र खराब सेक्टर तेवढे तपासत असे.

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कसाठी सगळीकडे एकदा शून्ये लिहिणे पुरते. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला ३५ फेऱ्यांचा क्रम अजूनही काही सॉफ्टवेअरमध्ये दिसतो, पण तो त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांचा एकत्र विचार करून आखला होता. आजच्या डिस्कवर सगळ्या ३५ फेऱ्या मारण्यात अर्थ नाही, असे खुद्द गुटमन यांनीच नंतर सांगितले. १ टीबीच्या डिस्कवर सेकंदाला १५० एमबी वेगाने एक फेरी पावणेदोन-दोन तास घेते. पस्तीस फेऱ्या म्हणजे अडीच दिवसांहून जास्त, आणि मध्ये वीज गेली तर मनस्ताप वेगळा.

चालू विंडोजला स्वतःचाच ड्राइव्ह पुसता येत नाही, म्हणून संगणक विंडोज टाकण्याच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करतात. शिफ्ट-एफ१० दाबले की आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट हे विंडोजचे डिस्क हाताळण्याचे साधन चालवून ‘लिस्ट डिस्क’ने यादी मागवायची. ५१२ जीबीचा ड्राइव्ह तिथे ४७६ जीबी दिसतो, १ टीबीचा ९३१. पेन ड्राइव्ह आणि जोडलेली बाहेरची बॅकअप डिस्कही त्याच यादीत असतात. बॅकअपची डिस्क आधी काढून ठेवावी, कारण ‘खरंच पुसायचं का?’ असे डिस्कपार्ट विचारत नाही. नुसते ‘क्लीन’ विभागणीची माहिती घालवते. सगळीकडे शून्ये लिहायला ‘क्लीन ऑल’ लागते. ‘क्लीन’ क्षणात आटोपते. काम इतक्या लवकर झाले, तर ते झालेच नाही असे धरावे.

एसएसडीवर हा उपाय अपुरा आहे. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर (आतला कारभार पाहणारी चिप) नवा मजकूर जुन्याच्या जागी न लिहिता दुसऱ्या मोकळ्या ब्लॉकमध्ये लिहितो. शिवाय काही राखीव जागा ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतच नाही. त्यामुळे वरून कितीही शून्ये ओतली तरी जुन्या प्रती मागे राहू शकतात. ट्रिम (डिलीट झालेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू असेल तर साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा काही सापडत नाही, पण ही खात्री नव्हे. योग्य मार्ग म्हणजे पुसण्याचे काम कंट्रोलरवरच सोपवणे: साटा जोडणीच्या एसएसडीला सिक्युअर इरेज, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या एसएसडीला सॅनिटाइझ किंवा फॉरमॅटची आज्ञा. ऑफिसात वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ही सोय असते. साटा ड्राइव्ह कधी ‘फ्रोझन’ अवस्थेत अडतो, म्हणजे पुसण्याची आज्ञा स्वीकारत नाही. लिनक्सवर संगणक एकदा झोपवून उठवला की बहुतेकदा तो मोकळा होतो. यूएसबी अ‍ॅडॅप्टरमधून मात्र या आज्ञा पोहोचतीलच असे नाही.

एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात मजकूर ठेवणाऱ्या) ड्राइव्हची किल्ली नष्ट करणे हा सर्वांत झटपट उपाय. टी२ चिपच्या किंवा अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हेच करते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधली एन्क्रिप्शनची सोय, पुसण्यापुरता ऐन वेळी चालू करून भागत नाही: ‘फक्त वापरलेली जागा’ निवडली असेल, तर आधी डिलीट केलेला मजकूर उघडाच राहतो.

बंद पडलेला ड्राइव्ह फोडावा लागतो. डिगॉसरचे तीव्र चुंबकीय क्षेत्र हार्ड डिस्क कायमची निकामी करते, एसएसडीवर त्याचा उपयोग नाही; तिची प्रत्येक मेमरी चिप फुटली पाहिजे. एसएसडीच्या सर्किटच्या पाटीला मधोमध एक भोक पाडले आणि ते दोन चिपांच्या मधून गेले, तर मजकूर शाबूत राहतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकसंस्थांनी असा माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रक (रिसायकलर) यांच्याकडेच द्यायचा आहे, दारावरच्या भंगारवाल्याकडे नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. काम बाहेर दिले तरी ती टळत नाही. कंत्राटदाराकडून प्रमाणपत्र घेताना त्यावरचा अनुक्रमांक ड्राइव्हच्या लेबलवरचा आहे की लॅपटॉपच्या तळावरचा, हे पाहून घ्यावे. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असलेल्या यंत्रातला दुसरा ड्राइव्ह असाच नजरेतून सुटतो.