हेडगार्ड घातलं तरी मेंदू फिरतोच

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. पोरीला बॉक्सिंगला घातलंय, कोच म्हणतात हेडगार्ड आणा, आणि बडोद्यातल्या रावपुऱ्यातला दुकानदार एक महागातलं दाखवतोय, त्याच्या खोक्यावर मेंदूला संपूर्ण संरक्षण असं छापलंय, तर ते घेऊ का? मी म्हटलं घ्या, नीट बसणारं घ्या, पण खोक्यावरच्या त्या ओळीवर विश्वास ठेवू नका. कारण अमॅच्युअरमध्ये, म्हणजे हौशी, ऑलिंपिकसारख्या बॉक्सिंगमध्ये, हेडगार्ड असतं म्हणून ते सेफ आणि प्रोफेशनलमध्ये नसतं म्हणून ते जीवघेणं, हे आपल्याकडे सगळेच धरून चालतात, आणि ते तितकंसं बरोबर नाही.

आधी फरक भराभर सांगतो. अमॅच्युअर बाउट, म्हणजे एक लढत, ३ मिनिटांचे ३ राउंड, अंगात लाल किंवा निळी बनियन, मार्क द्यायला ५ जज. प्रोफेशनलमध्ये उघडं अंग, ३ जज, आणि टायटलची फाइट असेल तर १२ राउंड. प्रो ग्लव्ह ६६.७ किलो वजनापर्यंत ८ औंसांचा आणि त्यावर १० चा, अमॅच्युअरमध्ये १० किंवा १२ चा. ८ औंस म्हणजे साधारण २२७ ग्रॅम आणि १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम, फरक हातात घेतला की लगेच कळतो. आपल्या विजेंदर सिंगने २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ जिंकलं ते अमॅच्युअर नियमांनी, आणि २०१५ ला तो प्रो झाला.

आता गंमत बघा. ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड १९८४ पासून सक्तीचं होतं, पण २०१३ मध्ये पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांमधून ते काढूनच टाकलं आणि २०१६ च्या रिओला पुरुष उघड्या डोक्याने खेळले (बायकांना आणि लहान मुलांना ते अजून आहे). कारण असं दिलं की हेडगार्ड नसताना डोक्याच्या मारामुळे बाउट थांबवायची वेळ कमी येते. भुवई फुटण्याचं प्रमाण मात्र वाढलं. म्हणजे हेडगार्ड कातडीला वाचवतं, भुवई, कान, गाल. मेंदूचं गणित वेगळंच आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं म्हणून जरा सावकाश सांगतो.

घरी वाटीत खरवस लावा. वाटी टेबलावर सरळ पुढे ढकला आणि थांबवा, खरवस थरथरेल पण बहुतेक फुटणार नाही. आता तीच वाटी पकडून झटक्यात गर्रकन फिरवा. वाटी फिरली, कडेचा खरवस तिच्याबरोबर फिरला, मधला मात्र जागेवरच राहिला, आणि मधोमध कुठेतरी तडा गेला. मेंदू हा साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असाच खरवस आहे. त्याला सगळीकडून दाबायला गेलात तर तो पाण्यासारखा जवळजवळ दबतच नाही, पण एक थर दुसऱ्यावरून सरकवायला गेलात तर अगदी सहज सरकतो, या दोन विरोधांत लाखो पटींचा फरक आहे. ऑक्सफर्डच्या होलबोर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनचा मेंदू करून हेच दाखवलं की सरळ धक्क्यापेक्षा पीळ जास्त नुकसान करतो.

म्हणून हनुवटीवरचा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, माणसाला झोपवतो. हनुवटी मानेच्या अक्षापासून लांब आहे, दाराचं हँडल बिजागरीपासून लांब असतं तशी, तिथे थोडा जोर लावला तरी डोकं गर्रकन फिरतं. ७ ऑलिंपिक बॉक्सर्सचे ठोसे मोजले होते, मुठीचा वेग सेकंदाला साधारण ९ मीटर आणि जोर ३४०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे किलो वजनाइतका. हेडगार्डचा फोम हा जोर थोड्या जास्त वेळात पसरवतो, कवटीला ते बरं, पण डोकं फिरायचं काही थांबत नाही, उलट हेडगार्डमुळे डोकं मोठं होतं आणि चुकला असता तो ठोसाही लागतो.

अजून आत गेलं की चेतापेशींचे लांब तंतू येतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीचे. त्यांच्या आत सूक्ष्मनलिकांचा सांगाडा असतो आणि टाऊ नावाचं प्रथिन तो धरून ठेवतं. पुरणपोळीची कणीक हळू ओढली तर लांबते, झटक्याने ओढली तर तुटते, तसंच या तंतूंचं होतं. सावकाश ताण आला तर टाऊ सरकून जुळवून घेतं, काही मिलिसेकंदांत आला तर नलिका तुटतात, तंतूच्या आवरणातून सोडियम आणि मग कॅल्शियम आत घुसतं, पेशीला ते बाहेर फेकायला प्रचंड ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. वर्षानुवर्षं असंच होत राहिलं तर सुटलेल्या टाऊच्या गाठी साठतात. जुन्या बॉक्सर्सची अडखळती चाल आणि जड जीभ मार्टलंड या डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवली होती.

ग्लव्हचंही तसंच. तो मुळात मारणाऱ्याचा हात वाचवतो. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडतं, म्हणून माणूस डोक्यावर बेतानेच मारतो. आपल्या बडोद्यात खंडेराव महाराजांच्या काळात नखीची कुस्ती व्हायची, हातात शिंगाचे पंजे बांधून, लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ती पाहून लिहिलीय. ते बघायला भयंकर, रक्त वाहणारं, आणि आजची गुबगुबीत मूठ बघायला सौम्य, पण रक्त दिसलं नाही म्हणून मेंदू सुखरूप आहे असं नाही.

मग अमॅच्युअर खरंच सौम्य कशाने? मोजणीने. ९ मिनिटं विरुद्ध ३६ मिनिटं. १९८२ मध्ये डुक कू किम हा कोरियन बॉक्सर १४ व्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांनी गेला, पीळ बसून मेंदूवरच्या शिरा फाटतात तसा रक्तस्राव होता, त्यानंतरच प्रोच्या टायटल फाइटचे १५ चे १२ राउंड झाले. अमॅच्युअरमध्ये रेफरी लवकर थांबवतो आणि डोक्याच्या मारामुळे नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस रिंगपासून लांब ठेवतात.

आणि इथेच आपल्याकडे चूक होते. मुलाला प्रॅक्टिसमध्ये गरगरलं की नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळतात, मनगटाला काळा धागा बांधतात आणि दुसऱ्या दिवशी परत स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी ठोशांच्या सरावाला, उभं करतात. धागा बांधा, माझी हरकत नाही, पण त्या पेशी अजून कॅल्शियम उपसतायत, तेव्हा दुसरा ठोसा पहिल्यापेक्षा फार महागात पडतो.

वहिनीला मी दोनच प्रश्न लिहून दिले, कोचना विचारायला. आठवड्यात किती दिवस डोक्यावर स्पारिंग, आणि गरगरल्यावर किती दिवस सुट्टी. कोच म्हणाले पहिले सहा महिने फक्त बॅग, दोरी आणि फूटवर्क, आणि गरगरलं तर डॉक्टर सांगेपर्यंत रिंग बंद. त्या संध्याकाळी वहिनीने साधं हेडगार्ड आणलं, पट्टा घट्ट बसणारं.