शिक्का क्लॅरिस क्लिफचा, पण ब्रश कोणाचा?
इंग्लिश भांडी-डिझायनर क्लॅरिस क्लिफची बशी उलटी केली की मागे ‘हॅन्ड पेंटेड बिझार बाय क्लॅरिस क्लिफ’ असा शिक्का दिसतो, त्यामुळे कित्येक जण मानतात की प्रत्येक भांडं तिनेच रंगवलंय. तसं नाहीये. डिझाइन तिचं, पण इंग्लंडमधल्या बर्सलेमच्या न्यूपोर्ट पॉटरी या कारखान्यात रंगवायच्या ‘बिझार गर्ल्स’, म्हणजे तिच्या ‘बिझार’ मालिकेची भांडी रंगवणाऱ्या पोरी, एक आउटलाइन काढायची, दुसरी रंग भरायची, तिसरी चाक फिरवत कडेचे पट्टे ओढायची. १९२८ चं क्रोकस फुलांचं डिझाइनच बघा ना, पाकळ्या म्हणजे ब्रशचे खालून वर जाणारे फटकारे आणि मग कप उलटा धरून हिरव्या पानांच्या बारीक रेघा, काय सुंदर हात! सुरुवातीला ते या पोरींपैकी एथेल बॅरो रंगवायची. तेराव्या वर्षी कामाला लागलेल्या क्लॅरिसने या पोरींना तयार केलं, हे मला तर जास्त मोठं वाटतं.