टर्बो रोटरीत जास्त कम्प्रेशनचे रोटर: साडेआठवरून दहापर्यंत

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र) लावायचा तर कम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, कमीच ठेवायचं, हा दंडक रोटरी (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारी) इंजिनं बांधणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाळला. तो चुकीचा नव्हता. पण ज्या पेट्रोलच्या आणि ज्या इग्निशन-नियंत्रणाच्या काळात तो रुजला, ती दोन्ही आता बदलली आहेत. शिवाय रोटरी गाड्या बनवणारी खुद्द माझदा कंपनीही त्याला फार काळ चिकटून राहिली नाही.

पिस्टनच्या इंजिनात कम्प्रेशन बदलायला बऱ्याच वाटा असतात: जाड गॅस्केट, घासलेलं हेड, वेगळे पिस्टन. रोटरीत खरी वाट एकच. रोटरच्या तीनही बाजूंवर एकेक खळगा असतो. तो मोठा असेल तर कम्प्रेशन कमी, लहान असेल तर जास्त. म्हणून या मंडळींच्या बोलण्यात आकड्याइतकाच ‘कुठल्या सालच्या गाडीचे रोटर’ हा प्रश्न येतो.

फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं रोटरी इंजिन १९५७ मध्ये जर्मनीत एनएसयू कंपनीत फिरलं. माझदाने १९६१ मध्ये परवाना घेतला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. टर्बो मात्र १९८२ च्या कॉस्मोत आला, पुढच्या वर्षी आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमध्ये. खरं तर ही जोडी आधीच जमायला हवी होती. रोटरीत व्हॉल्व्ह नाहीत, एक्झॉस्टचं पोर्ट झटकन उघडतं आणि वायू अतिशय गरम, जोरात बाहेर पडतो. मायलेजच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा, पण टर्बाइन फिरवायला नेमकं तेच लागतं.

अडचण होती ती एपेक्स सीलची. रोटरच्या प्रत्येक टोकाला असलेली ही पट्टी हाउसिंगवर सतत घासत राहते. १९८५ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये, म्हणजे ‘एफसी’त, तिची जाडी ३ मिलिमीटरवरून २ वर आली होती. पिस्टनचं इंजिन थोडंफार नॉकिंग (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं) सहन करतं. टर्बो रोटरीत बूस्टवर, म्हणजे टर्बोने हवेचा दाब वाढवलेला असताना, एकच जोरदार डेटोनेशन (तेच नॉकिंग) झालं तरी सील तडकू शकतं आणि त्याचा तुकडा एक्झॉस्टमधून थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. म्हणजे इंजिनही गेलं आणि टर्बोही. एफसीचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेला होता. रहदारीत तो स्वतःच तापायचा, त्यामुळे आत जाणारी हवाही गरम व्हायची. एवढं सगळं समोर असताना माझदाने टर्बोच्या १३बी या दोन रोटरच्या इंजिनाला ८.५ चे आणि बिनटर्बोच्या इंजिनाला ९.४ चे रोटर दिले, यात नवल नाही.

पण १९८९ मध्ये त्याच गाडीची सुधारित आवृत्ती आली आणि दोन्ही आकडे चढले: टर्बो ९.०, बिनटर्बो ९.७. जपानमध्ये टर्बोची ताकद १८५ पीएसवरून (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) २०५ पर्यंत गेली. १९९१ च्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ ने, म्हणजे ‘एफडी’ने, हेच ९.० कायम ठेवून २५५ पीएसने सुरुवात केली आणि पुढे २८० गाठले. कंपनीनेच कम्प्रेशन आणि ताकद दोन्ही वाढवून दाखवल्यावर ‘टर्बो म्हणजे साडेआठ’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरला नव्हता. तरी तो विचार टिकला, कारण बाहेरच्या ट्यूनरच्या हाती कारखान्याइतकं नियंत्रण नव्हतं. ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) बंदिस्त, वरून जास्तीचं इंधन टाकणारी जुगाडू उपकरणं आणि बूस्ट मात्र मनाला येईल तितका. अशा वेळी कमी कम्प्रेशन म्हणजे चूक पोटात घालायला ठेवलेली जागा होती.

गणित मांडून पाहिलं तरी हे पटतं. आदर्श ऑटो सायकल (पेट्रोल इंजिनाचं सैद्धांतिक चक्र) धरली, तर ८.५ वरून ९.७ वर गेल्याने कार्यक्षमता साधारण ४ टक्के वाढते, पण कम्प्रेशनच्या शेवटी होणारा दाब सुमारे २० टक्क्यांनी चढतो. एक बार बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात तेच ४ टक्के एक दशांश बारपेक्षा कमी बूस्ट वाढवून मिळतात. म्हणजे केवळ कमाल ताकदीसाठी ९.७ चे रोटर घालणं हा महागातला सौदा आहे, निदान माझ्या मते. त्यांचा फायदा टर्बो जागा होण्याआधी दिसतो. कमी आरपीएमवर रोटरी मुळातच मरगळलेली असते. तिथे पिकअप सुधारतो आणि मोठा टर्बो लावला तरी गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी राहते.

वाट मोकळी केली ती इंधनाने. इथेनॉलचं ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा बरंच वरचं आहे, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. ई-८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) मिळू लागलं तसं रस्त्यावरच्या गाड्यांतही ९.७ चे रोटर दिसू लागले. ड्रॅग रेसिंगमध्ये मिथेनॉल आधीपासूनच होतं, आणि पोर्तो रिको, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या रोटरीवाल्यांचा त्यावर हात बसलेला. दोन प्लगांची ठिणगी हवी तशी मागेपुढे करू देणारे स्वतंत्र ईसीयू आणि वॉटर इंजेक्शन यांचीही मदत झाली.

२००३ मध्ये आरएक्स-८ चं रेनेसिस इंजिन १०.० चे रोटर घेऊन आलं आणि ते जुन्या १३बी टर्बोत बसवण्याची हौस सुरू झाली. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. रेनेसिसचं एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आहे आणि त्याच्या रोटरची सीलरचना त्याच हिशेबाने केलेली आहे. रोटर कुठल्याही सालचे घ्या, वजन बदललं की पुढचं-मागचं काउंटरवेटही (तोल राखणारं वजन) त्यांच्या जोडीचं लागतं. हा खर्च बजेट मांडताना हमखास विसरला जातो. शिवाय पंपावरच्या साध्या पेट्रोलवर बूस्ट बराच चढवायचा असेल, तर ९.० चेच रोटर घालावेत. तिथे १०.० घालून मग ठिणगीचं टायमिंग मागे ओढत बसलं, तर कम्प्रेशनने दिलेलं तिथेच परत जातं.