सामुराई, नाइट आणि तनख्याचा प्रश्न

सामुराई आणि नाइट यांची तुलना बहुतेक वेळा तलवारीपासून सुरू होते आणि आचारसंहितेपाशी येऊन थांबते. एकाचा बुशिदो, दुसऱ्याची शिव्हलरी, आणि दोन्हींत निष्ठा, शौर्य, मान. हे समीकरण फार जुने नाही. 1900 च्या सुमारास एका ख्रिस्ती जपानी लेखकाने पाश्चात्त्य वाचकांसाठी मुद्दाम इंग्रजीत लिहिताना बुशिदोला युरोपीय शिव्हलरीच्या शेजारी बसवले आणि तीच मांडणी जगभर रुजली. तोवर कमरेला दोन तलवारी लावून फिरणारा सामुराई दिसेनासा होऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती. गेलेल्या वर्गाचे चित्र नेहमीच त्याच्या जगण्यापेक्षा देखणे असते, म्हणून या टिपणात आचारसंहितेला हात लावलेला नाही. या दोन्ही लढवय्यांची चूल कशावर पेटत होती आणि ती कोणी, कशी विझवली, एवढेच इथे पाहायचे आहे.

सुरुवातीला दोघांची चूल जमिनीवरच पेटत होती. युरोपात घोडा, चिलखत आणि सराव यांचा खर्च मोठा. तो भागवण्यासाठी जमीन द्यायची आणि बदल्यात वर्षातून ठरावीक दिवस, बऱ्याच ठिकाणी चाळीस, लष्करी चाकरी घ्यायची, अशी रीत बसली. जपानात 1185 नंतर कामाकुरा या शहरातून कारभार करणाऱ्या योद्ध्यांच्या नव्या सत्तेने आपल्या विश्वासू योद्ध्यांना जागोजागच्या मळ्यांवर ‘जितो’ म्हणून नेमले. जमिनीची मालकी त्यांच्याकडे आली नाही, पण उत्पन्नातला वाटा आणि वसुलीचा अधिकार आला.

त्या काळातल्या योद्ध्याला खरी काळजी कशाची होती, हे कायद्यांत स्वच्छ दिसते. 1232 ची कामाकुराची 51 कलमी संहिता वाचली तर वारसा, ताबा, हद्द, वसुली हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. वीस वर्षे जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला हलवायचे नाही, असे एक कलमच आहे. तिच्या सतरा वर्षे आधी, 1215 मध्ये, इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी जी सनद लिहून घेतली तिचाही मोठा भाग वारसाहक्काची रक्कम, पोरक्या वारसांची पालकी आणि चाकरीऐवजी घेतला जाणारा पैसा यांबद्दल आहे. जगाच्या दोन टोकांना हत्यारबंद माणसे एकाच चिंतेत होती.

फरक होते, आणि ते लहान नव्हते. युरोपातला नाइट एकाच वेळी अनेक धन्यांकडून जमीन धरू शकत असे. शपथ दोन्ही बाजूंना बांधत असे, आणि धन्याने शब्द मोडला तर ती रीतसर परत करता येत असे. जपानी नाते असे लिहून ठेवलेले नव्हते. तरी पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या लढायांत बाजू बदलणारे योद्धे भरपूर सापडतात. मरेपर्यंत एकच धनी हा आदर्श पुढे, लढाया थांबल्यावर, घट्ट झाला. वारसा युरोपात रक्ताने ठरे, तर जपानात दत्तक घेऊन घराणे चालवणे सर्रास होते. कामाकुराच्या काळात तर स्त्रियाही जमिनीचा वारसा घेत आणि ‘जितो’ होत.

वाटा खऱ्या अर्थाने फुटल्या त्या सोळाव्या शतकाच्या शेवटी. 1582 पासून जपानभर जमिनीची नव्याने मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक गावाचे उत्पन्न कोकूत लिहिले गेले. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचे वर्षाचे अन्न. 1588 मध्ये शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली. 1591 च्या हुकमाने योद्ध्याने शेतकरी किंवा व्यापारी होणे आणि शेतकऱ्याने पेशा सोडणे बंद केले. सामुराई गावातून उठून धन्याच्या किल्ल्याभोवतीच्या शहरात राहायला गेला. 1615 मध्ये एका संस्थानात एकच किल्ला ठेवायचा, असा आदेश निघाला आणि लहान-मोठ्या गढ्या पाडल्या गेल्या. पुढच्या काही पिढ्यांत बहुतेक संस्थानांत सामुराईच्या नावावरची जहागीर कागदापुरती उरली आणि हातात धन्याच्या कोठारातून येणारा तांदळाचा तनखा पडू लागला.

युरोपात नेमके उलटे घडत होते. 1302 मध्ये कोर्ट्रे इथे फ्लेमिश पायदळाने, 1346 मध्ये क्रेसीला आणि 1415 मध्ये आजँकूरला इंग्रज धनुर्धाऱ्यांनी चिलखती घोडेस्वाराचा दरारा संपवत आणला. नाइटचे लढाईतले काम आटले, पण जमीन त्याच्याकडेच राहिली. इंग्लंडमध्ये तर तेराव्या शतकापासूनच नाइट होणे लोकांना परवडेना. वर्षाला ठरावीक उत्पन्न असलेल्या जमीनदाराने नाइट झालेच पाहिजे, अशी सक्ती राजे करत. 1630 नंतर एका राजाने तीच जुनी सक्ती उकरून काढून दंड वसूल केला आणि 1641 मध्ये संसदेने ती प्रथा मोडली. पदवीचे महत्त्व असे घसरत गेले, आणि जमीनदार मात्र न्यायाधीश, खासदार, गावचा मालक म्हणून टिकला.

म्हणजे नाइटने लढाई सोडली आणि जमीन राखली, सामुराईने जमीन सोडली आणि तलवार राखली. माझ्या मते दोघांच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक हाच आहे, आणि पुढचे सगळे त्यातून आले.

सामुराईची ही तलवार अडीचशे वर्षे जवळपास म्यानातच राहिली. तनखा तांदळात ठरलेला, खर्च रोखीत. शहरातले राहणीमान वाढत गेले, तनखा पिढ्यानपिढ्या तोच राहिला. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, तांदूळ विकून देणाऱ्या दलालांकडेच सामुराई येणाऱ्या तनख्यावर उचल घेत आणि व्याजात बुडत. 1789 मध्ये शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाच्या, सरकारला आपल्या थेट चाकरांची जुनी कर्जे हुकमाने रद्द करावी लागली. संस्थाने तर ‘उसने’ म्हणून सामुराईंच्या तनख्याचा काही भाग, प्रसंगी निम्मा, कापून घेत आणि तो परत करत नसत. खालच्या दर्जाच्या घरांत छत्र्या बांधणे, कंदील बनवणे, सूत कातणे चालू असे. जपानची जी ‘सरंजामशाही’ 1868 मध्ये कोसळली असे आपण म्हणतो, तिच्या बहुसंख्य योद्ध्यांकडे सरंजाम उरलाच नव्हता.

शोगुनच्या जागी सम्राटाच्या नावाने आलेल्या नव्या सरकारपुढचा प्रश्न त्यामुळे जमिनीचा नव्हता, पगारपत्रकाचा होता. 1869 मध्ये संस्थानिकांनी आपापली संस्थाने सम्राटाकडे सोपवली, 1871 मध्ये संस्थानेच बरखास्त होऊन प्रांत झाले. त्याबरोबर संस्थानांची कर्जे आणि सगळ्या सामुराईंचे तनखे केंद्राच्या गळ्यात आले. सरकारच्या एकूण खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातच जाऊ लागला. 1873 च्या जानेवारीत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला आणि लढण्याचे काम शेतकऱ्याच्या मुलाकडे गेले. मग ज्या कामासाठी तनखा होता ते कामच नाही, तर तनखा कशाचा?

इथे खरा वाद उभा राहिला. तनखा ही मजुरी मानली तर काम संपताच ती थांबते आणि भरपाईचा प्रश्नच येत नाही. तनखा ही घराण्याची मालमत्ता मानली तर तो काढून घेणे म्हणजे लूट. सरकारमध्येही एकमत नव्हते. तनखे विकत घेऊन संपवण्यासाठी परदेशात कर्ज उभारायला 1872 मध्ये एक अधिकारी पाठवला, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या जपानी प्रतिनिधीनेच त्याला विरोध केला. तनखा ही खासगी मालमत्ता आहे, ती अशी हिसकावता येणार नाही, हे त्याचे म्हणणे. अखेर 1873 मध्ये लंडनमध्ये सात टक्क्यांनी 24 लाख पौंड उभे राहिले. त्या वर्षाच्या शेवटी तनख्यावर कर बसला आणि ज्याला हवे त्याने तनखा सोडून एकरकमी मोबदला घ्यावा, अशी मुभा दिली गेली. पुरेसे लोक पुढे आले नाहीत.

1876 च्या ऑगस्टमध्ये मुभेची सक्ती झाली. सगळे तनखे बंद, बदल्यात सरकारी कर्जरोखे. तीन लाखांहून अधिक लोकांना मिळून सुमारे 17 कोटी 40 लाख येनचे रोखे दिले गेले. वर्षाला हजार येनहून जास्त तनखा असलेल्यांना पाच ते साडेसात वर्षांच्या तनख्याइतकी रक्कम पाच टक्के व्याजाने, तर शंभर येनहून कमी असलेल्यांना साडेअकरा ते चौदा वर्षांइतकी रक्कम सात टक्क्यांनी. मुद्दल पहिली पाच वर्षे मिळणार नव्हते, नंतर सोडतीने. जिथे तनख्याची खरेदी-विक्री आधीपासून चालत असे तिथे, म्हणजे मुख्यतः कागोशिमाकडे, व्याज दहा टक्के. जो तनखा विकता येत होता तो मालमत्ताच आहे, हे सरकारने या एका ठिकाणी तरी व्यवहारात मान्य केले.

या निर्णयाचे समर्थक त्याच्या चढत्या-उतरत्या दराकडे बोट दाखवतात. लहानाला जास्त वर्षे, जास्त व्याज. कागदावर ते खरे आहे. पण सर्वांत खालच्या गटातल्या माणसाला सरासरी सुमारे 415 येनचे रोखे मिळाले. सात टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज होते 29 येन, आणि तेवढ्यात कुटुंब जगत नाही. 1877 नंतर महागाई वाढली तसे ते 29 येनही झिजले, आणि अनेकांनी रोखे मिळेल त्या भावाला विकले. याउलट माजी संस्थानिकांची कर्जे 1871 मध्येच सरकारने उचलली होती, संस्थानाच्या उत्पन्नाचा दहावा भाग त्यांना घरखर्चासाठी तोडून दिला होता, आणि 1876 च्या रोख्यांतून त्यांच्याकडे मोठी भांडवले आली. 1877 मध्ये त्यांनी मिळून एक बँक काढली आणि पुढे रेल्वेत पैसा घातला. दर न्याय्य असला तरी परिणाम न्याय्य झाला नाही, असेच मला वाटते.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न 1660 मध्ये सुटला होता, तो कसा हे पाहण्याजोगे आहे. संसदेने लष्करी चाकरीच्या बदल्यात धरलेल्या जमिनींवरची सगळी जुनी बंधने काढली आणि जमीनदार मोकळा मालक झाला. राजाचे जे उत्पन्न बुडाले त्याची भरपाई बिअर, सायडर अशा पेयांवरच्या जकातीतून, म्हणजे सगळ्या जनतेकडून झाली. फ्रान्समध्ये 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क मोडीत निघाले आणि 1793 मध्ये उरलेली देणी भरपाईशिवाय रद्द झाली, पण देश न सोडलेल्या उमरावाची स्वतःची जमीन बरीचशी त्याच्याकडे राहिली. जपानात 1873 च्या जमीन महसूल सुधारणेने मालकीचे दाखले दिले ते गावात कर भरणाऱ्यांना. शहरातल्या सामुराईच्या नावावर द्यायला काही नव्हतेच.

1876 च्या मार्चमधली तलवारबंदी कथा-चित्रांत फार गाजते. ऑक्टोबरात कुमामोतोत जे सुमारे दोनशे लोक बंदुका नाकारून उठले, त्यांच्या मनात ती होतीच. पाठोपाठ आकिझुकी आणि हागीतही उठाव झाले आणि लगेच मोडले. मोठे बंड झाले ते 1877 चे सात्सुमाचे, म्हणजे कागोशिमाकडच्या जुन्या संस्थानातले, आणि तिथे जमिनीचा धागा पुन्हा हाती लागतो. सात्सुमात लोकसंख्येच्या जवळपास पाव हिस्सा सामुराई होते आणि त्यांतले बरेच ‘गोशी’, म्हणजे खेड्यांत राहून जमीन कसणारे. तनखा थांबला तरी त्यांची गावे, त्यांची माणसे, त्यांची संघटना जागच्या जागी होती. इतर ठिकाणचा सामुराई एकटा पडला, सात्सुमाचा हजारोंनी उभा राहिला. कुमामोतोच्या किल्ल्याला पन्नासहून अधिक दिवस वेढा घालूनही सक्तीच्या भरतीच्या सैनिकांपुढे सात्सुमाचा सामुराई टिकला नाही. 24 सप्टेंबरला कागोशिमातल्या शिरोयामा टेकडीवर सगळे संपले.

उरलेल्यांचे काय झाले, हे बंडांइतके सांगितले जात नाही. 1876 मध्येच बँक कायद्यात बदल करून रोखे भांडवल म्हणून वापरायला परवानगी मिळाली आणि 1879 पर्यंत राष्ट्रीय बँकांची संख्या मूठभरावरून 153 झाली. कित्येकजण पोलीस, शिक्षक, कारकून झाले. काही कुटुंबे होक्काइदोत शेतकरी-सैनिक म्हणून वसवली गेली. तोमिओकाच्या सरकारी रेशीम गिरणीत 1872 पासून सामुराई घरांतल्या मुली काम करत होत्या. शोगुनच्या माजी चाकरांनी 1869 पासून शिझुओकातल्या माकिनोहाराचे ओसाड पठार साफ करून चहा लावला. त्यांतल्या पुष्कळांना तो झेपला नाही, ते सोडून गेले आणि मळे आसपासच्या शेतकऱ्यांकडे गेले. ते पठार आजही जपानच्या मोठ्या चहा-प्रदेशांपैकी एक आहे.