जखमेवर औषध आहे, आणि वजनही

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर गोणी घेऊन फेऱ्या मारणाऱ्या माथाडीला जुना मधुमेह असेल, तर तळव्यात घुसलेला खिळा त्याला रात्री चप्पल काढल्यावरच दिसण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं नसा बधिर केलेल्या असतात. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. हा दाब असतो १० ग्रॅमचा. तेवढाही कळला नाही, तर खिळा कसा कळणार?

खिळा लागतोच असंही नाही. नसांबरोबर पायाचे छोटे स्नायूही दुबळे होतात, बोटं वाकतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. तिथे घट्टा धरतो, त्याखाली रक्त साकळतं, कातडी आतून फाटते. मधुमेहामुळे पाय कापावे लागतात, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के प्रकरणांत सुरुवात अशा जखमेनं झालेली असते.

आता उपचारांकडे. जखमेत स्पंज भरून वर हवाबंद पापुद्रा लावायचा आणि पंपानं साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब द्यायचा, ही पद्धत १९९७च्या शोधनिबंधांनंतर जगभर पसरली. पंप स्राव ओढून घेतो, सूज कमी करतो, नवी लाल मांसल पेशीजालं वाढायला मदत करतो. पेशींची वाढ चेतवणाऱ्या घटकांची जेल आहे, जास्त दाबाखाली प्राणवायू देणारी दाबपेटी आहे. जाहिरातींत यांचेच फोटो असतात. पण दोन हजारांचं ड्रेसिंग करून माणूस त्याच पायावर गोणी उचलायला गेला, तर ते ड्रेसिंग वाया गेलंच म्हणून समजा.

म्हणून माझ्या मते या सगळ्यात खरी प्रगत गोष्ट दिसायला अगदीच साधी आहे: गुडघ्याखालपर्यंतचं, पायाला घट्ट बेतलेलं प्लास्टर. त्यामुळे भार तळव्यावर एकाच ठिकाणी न पडता पोटरीपर्यंत वाटला जातो. ते दर आठवड्याला उघडून जखम पाहतात. याची मुळं कुष्ठरोगाच्या उपचारांत आहेत. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी तिथे बधिर पायांचा अभ्यास केला आणि पुढे अमेरिकेत तोच विचार मधुमेहींसाठी नेला. रुग्णाला काढता न येणं हाच प्लास्टरचा गुण. काढता येणारा बूट दिलेल्या रुग्णांवर तिकडे एक पाहणी झाली. दिवसभराच्या चालण्यापैकी जेमतेम २८ टक्के चालणं बूट घालून झालं होतं. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला कोण बूट बांधतं!

मात्र रक्तपुरवठा तपासल्याशिवाय प्लास्टर नको. घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरला तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा संशय. मधुमेहात वाहिन्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाबही मोजावा. वाहिनी बंद असेल तर आधी ती उघडायची. पू असेल तर आधी तो काढायचा.

रोजंदारीवरच्या माणसाला दीड-दोन महिने पाय जपायला सांगणं सोपं, घर चालवणं अवघड. निदान जखमेशेजारी मोजपट्टी धरून दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढायला घरच्यांना सांगता येतं. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर तेच ड्रेसिंग पुढे न रेटता रक्तपुरवठा, संसर्ग आणि भार तिन्ही पुन्हा तपासून घ्यावेत.